पाणी पिऊन या, लघवी करू नका

आजचा विषय सोनोग्राफी. या विषयावर श्रोत्यांचे जे प्रश्न येतात त्यातले दोन ठरलेले. पहिला, पोटाच्या तपासणीआधी लिटरभर पाणी पिऊन लघवी दाबून का बसायला लावतात? दुसरा, तो गारेगार चिकट जेल कशासाठी? दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते डॉक्टरांच्या हाती लागायला जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. म्हणून आज जरा इतिहास.

आधी थोडं भौतिकशास्त्र, घाबरू नका. सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त कंपनं असलेला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘श्राव्यातीत ध्वनी’ म्हटलंय. सोनोग्राफीचा आवाज याच्याही कितीतरी पुढचा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनं. ३ मेगाहर्ट्झ धरलं तर शरीरात त्याची तरंगलांबी साधारण अर्धा मिलिमीटर येते. याहून फार बारीक गोष्ट त्याला वेगळी दिसत नाही. मग कंपनं वाढवा की! वाढवता येतात, पण तितका आवाज लवकर विरतो. म्हणून गळ्याजवळच्या थायरॉइडला जास्त मेगाहर्ट्झ आणि खोल पोटाला कमी.

आता खरी गोम. हा आवाज अवयव दाखवत नाही, तो सीमा दाखवतो. प्रत्येक पदार्थाचा आवाजाला एक विरोध असतो: घनता गुणिले त्यातला ध्वनीचा वेग. दोन पदार्थांचा हा विरोध सारखा असेल तर आवाज त्यांच्यामधून सरळ निघून जातो. फरक असेल तिथे थोडा आवाज उलटा फिरतो. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर जेमतेम एक टक्का ऊर्जा परत येते, बाकीची पुढे जाते, आणि म्हणूनच खोलवरचंही दिसतं. हाडावर बरीच अडते. आणि मऊ ऊतीनंतर हवा आली, तर ९९.९ टक्के परत! पुढे काहीच जात नाही. मऊ ऊतींत आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर धावतो, म्हणजे एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद. वेळ मोजा, खोली कळली. विहिरीत हाक मारून खोली अजमावतात तसंच.

तर हवा आणि हाड हे शत्रू, पाणी मित्र. एवढं डोक्यात ठेवा, पुढची गोष्ट त्यावरच आहे.

१८८० मध्ये पॅरिसला पियेर आणि जॅक क्युरी या भावांना आढळलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. उलटही होतं, वीज दिली की स्फटिक आकार बदलतो, थरथरतो. म्हणजे एकच वस्तू तोंडही आणि कानही. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हॅनने क्वार्ट्झ वापरून पाण्याखाली असा आवाज सोडून दाखवला. पुढे कारखान्यांनी तेच तंत्र लोखंडातल्या भेगा शोधायला घेतलं. पोलादात भेग असली की तिथे हवा, आणि हवा असली की जोरदार प्रतिध्वनी. सोपं काम.

माणसाच्या शरीरावर पहिला मोठा प्रयत्न ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक या मेंदूच्या डॉक्टरने केला. १९४२ मध्ये त्याने लेख छापला. त्याची कल्पना क्ष-किरणांसारखी होती: डोक्याच्या एका बाजूने आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूला झेलायचा, आणि मधल्या सावलीतून मेंदूतल्या पोकळ्या ओळखायच्या. चित्रं आली, लोक भारावले. पण १९५२ च्या सुमारास दुसऱ्यांनी तपासलं तेव्हा कळलं की ती नक्षी बरीचशी कवटीच्या हाडाची होती. हाडाने आवाज कमीजास्त गिळला आणि डुसिकला तो मेंदू वाटला. मला यात डुसिकची कीव येत नाही हं. माणूस हुशार होता, फक्त त्याने सगळ्यात अवघड जागा निवडली.

त्याच सुमारास अमेरिकेत डेन्व्हरला डग्लस हाउरी आणि जोसेफ होम्स यांनी पाण्याचा मार्ग धरला. रुग्णालाच पाण्यात बसवायचं! टाकी कसली, तर बी-२९ बॉम्बफेकी विमानाच्या तोफेचा घुमट. चित्रं सुंदर यायची, पण आजारी माणसाला मानेपर्यंत पाण्यात बुडवून कोण किती वेळ ठेवणार?

आणि मग ग्लासगो. इयान डोनल्ड, प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक. युद्धात हवाई दलात होता, रडारची ओळख झालेली, यंत्रांचं भलतं वेड. त्याच्या एका रुग्णाचा नवरा बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीत संचालक होता. त्या ओळखीवर १९५५ च्या जुलैमध्ये डोनल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाड्यांच्या डिकीत भरून रेनफ्र्यूच्या कारखान्यात पोहोचला. कारखान्याने तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता! भेगा शोधायच्या यंत्राने या गाठी तपासल्या. पाण्याने भरलेल्या गाठीत आवाज आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीवरून स्वच्छ परत आला. घट्ट गाठीत मधूनमधून बारीक प्रतिध्वनी येत विरून गेला. फरक डोळ्यांनी दिसला.

पुढे केल्विन अँड ह्यूज कंपनीतला टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर येऊन मिळाला, आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर. तरी सहकारी हसतच होते. हाताने पोट चाचपून जे कळतं त्यासाठी एवढं यंत्र कशाला, असा सूर.

मग एक बाई आली. वय साठीच्या पुढे, सारखी उलटी, वजन उतरलेलं, पोट फुगलेलं. जठराचा कर्करोग, पोटात पाणी, हातात काही उरलेलं नाही असं निदान झालेलं. डोनल्डच्या चमूने सहज म्हणून तिच्या पोटावर यंत्र लावलं. आता बघा, पोटात मोकळं पाणी साठलं असतं तर आतडी त्यावर तरंगत पुढे आली असती. पण पडद्यावर पुढची भिंत, मग लांबच लांब शांतता, मग मागची भिंत. म्हणजे हे मोकळं पाणी नाही, ही पिशवी आहे! शस्त्रक्रिया झाली, अंडाशयाची प्रचंड साधी गाठ निघाली, बाई बरी झाली. त्यानंतर हसणं थांबलं, आणि ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तिघांचा लेख आला.

टाकीची कटकट ब्राउन-डोनल्डने काढून टाकली. टोक सरळ कातडीवर टेकवायचं. पण टोक आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतोच, आणि तेवढ्याने सगळा आवाज परत! म्हणून त्यांनी पोटाला ऑलिव्ह तेल चोपडलं. आजचा जेल म्हणजे त्या तेलाचा वारस. त्यात औषध वगैरे काही नसतं, ते फक्त हवेला बाहेर काढतं.

आणि पाणी पिण्याचं? गर्भाशय ओटीपोटात खोल, त्याच्यापुढे आतड्यांची वेटोळी, आतड्यात वायू. झालं, शत्रू दारात उभा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डोनल्डच्या लक्षात आलं की मूत्राशय भरलेलं असलं तर ते आतडी वर ढकलतं आणि स्वतः पाण्याची खिडकी होतं. त्या खिडकीतून पहिल्या काही आठवड्यांचा गर्भही दिसू लागला. तेव्हा पुढच्या वेळी बाकावर पाय आवळून बसलात की शिव्या रिसेप्शनवरच्या ताईंना देऊ नका, ग्लासगोला द्या.

गर्भ तर स्वतःच पाण्यात असतो. या यंत्राला याहून सोयीची जागा नाही, आणि नेमकी हीच सोय आपल्याकडे घातक ठरली. सुई नाही, रक्त नाही, दहा मिनिटांचं काम. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये केला. तेव्हा मुख्य रोख गर्भजल काढून होणाऱ्या तपासणीवर होता. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर सोनोग्राफी यंत्रांवरची पकड बरीच घट्ट झाली. प्रत्येक केंद्राबाहेर दिसणारी ती पाटी त्यातूनच आली. डोनल्ड स्वतः गर्भपाताचा कडवा विरोधक होता, गर्भाची ही चित्रं तो त्या प्रचारात वापरायचा. त्याच चित्रांवर इथे मुली मोजून कमी केल्या गेल्या.

पुढच्या भागात डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त आवाजाने कसं मोजतात ते. भेटू.