वाड्यातील संग्रहालयाची कुळकथा

वसईनजीकचे आगाशी हे बंदर सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी ख्यात होते, आणि १५३० व १५३१ अशा लागोपाठच्या दोन वर्षी पोर्तुगीजांनी ते लुटले, एवढे इतिहासग्रंथ सांगतात. परंतु त्या जहाजांच्या फळ्या ज्या वाकसाने तासल्या गेल्या, त्याची मूठ कशी होती, हे कोणत्याही दफ्तरात नमूद होत नसते. राज्यकर्त्यांची साक्ष कागद देतो, कारागिराची आणि गृहिणीची साक्ष त्यांच्या हातातील वस्तूच देतात. आणि अशा वस्तू जपाव्यात, ही बुद्धी आपल्याकडे फार उशिरा उपजली.

पूर्वी जपले जाई ते देवाला वाहिलेले अथवा घराण्याचा मान मिरविणारे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवालयांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांपैकीच एक. वाड्यांतूनही देवघरात टाक, जामदारखान्यात शस्त्रे आणि दफ्तरात सनदा, अशीच व्यवस्था असे. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, साताऱ्यास द. ब. पारसनीसांनी मोठा ऐतिहासिक संग्रह उभारला, जो १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आला. तथापि या उद्योगाचा मुख्य रोख दरबारी इतिहासाकडे होता. माजघर त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

ती उणीव भरून काढली ती एका चष्मेविक्रेत्या कवीने. ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२०च्या सुमारास संग्रहास आरंभ केला आणि पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्याने अडकित्ते, वज्र्या, दिवे, कुंकवाचे करंडे, कोरीव दरवाजे, वाद्ये असे नाना जिन्नस गावोगाव हिंडून मिळविले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील त्यांचा राहता वाडाच हळूहळू संग्रहालय झाला. अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्यास मिळाले, आणि १९७५ मध्ये सुमारे वीस हजार वस्तूंची ती दौलत केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली.

या कुळकथेचा अर्थ असा की, असे संग्रहालय उभे राहण्यास ना खजिना लागतो, ना फर्मान. नित्याच्या वापरातील वस्तूला इतिहास असतो, अशी श्रद्धा असलेला एखादा घरधनी पुरतो. आगाशीचेच उदाहरण घ्या: तेथे राजेळी केळ्यांची सुकेळी होतात. ती वाळविण्याची साधने आणि ती वापरणाऱ्यांचे कथन जुन्या घराच्या एखाद्या पडवीत आजच कोणी मांडून ठेवील, तर उद्याच्या इतिहासकारास केवळ लुटीच्या सनावळीवर विसंबावे लागणार नाही.