गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था, पुणे

गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था : अर्थशास्त्राच्या संशोधनास व उच्च अध्यापनास वाहिलेली, या विषयातील भारतातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक संस्था. स्थापना ६ जून १९३०. साताऱ्याचे वकील रावबहादुर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाच्या स्वाधीन केलेल्या देणगीतून ती उभी राहिली, आणि १९०५ साली तो समाज स्थापन करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव तिला देण्यात आले.

पुणे शहरी अशी संस्था निघावी यास पूर्वपीठिका होती, आणि ती शहरापेक्षा जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त मुलुखात शोधावी लागते. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांचे कर्जरोखे व दप्तरे जाळण्यात आली, त्याच्या आधीच शिरूर तालुक्यातील करडे गावात सावकारांवर बहिष्कार पडला होता, आणि तो क्षोभ भीमथडी व शिरूर या तालुक्यांत पाहता पाहता पसरला. सरकारास चौकशी-आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. शेतसारा, कर्ज आणि दुष्काळ या तीन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न अशा रीतीने पुण्याच्या विचारवंतांपुढे पुस्तकातून आला नाही, तो शेजारच्या तालुक्यांतून चालत आला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली भारतीय अर्थशास्त्राची स्वतंत्र मांडणी केली ती, आणि गोखल्यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगासमोर दिलेली साक्ष, या दोहोंमागे हीच भूमी आहे. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर (१९१७) व शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक (१९२१) या गावांची घरवार पाहणी प्रसिद्ध करून पद्धतीचा पाया घातला.

याच कालखंडात पोलंडमध्येही अर्थशास्त्राच्या उच्च विद्यालयांचा उदय झाला. वॉर्सा येथील १९०६ साली आणि क्राकूव येथील १९२५ साली सुरू झाले. परंतु ती मूळची व्यापारशिक्षणाची विद्यालये असून पेढ्या व कारखाने यांना शिक्षित माणसे पुरविणे हा त्यांचा आरंभीचा हेतू होता. पुण्याची संस्था लोकसेवेचे व्रत घेतलेल्या मंडळींच्या आश्रयाखाली निघाली व तिने पदव्यांआधी पाहण्यांना हात घातला, हा भेद तिचे स्वरूप समजण्यास महत्त्वाचा आहे.

पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांनी १९३० पासून १९६६ पर्यंत संस्थेचा कारभार पाहिला, आणि संस्थेस जे वळण लागले ते मुख्यतः त्यांचे होय. पुण्यातील फळबाजार, मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय, गोदावरी व प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम असे, तत्कालीन पंडितांस कदाचित क्षुद्र वाटले असतील असे, विषय त्यांनी निवडले, आणि खुद्द पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत (१९४५, १९५२) प्रसिद्ध केली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जोडीने ते उभे राहिले, त्यामागेही हेच प्रत्यक्षज्ञान होते. नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद (१९६७–७१) व राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटून देण्याचे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र हा त्यांच्या चरित्राचा उत्तरभाग होय.

संस्थेच्या कार्यपद्धतीचा उत्कृष्ट नमुना म्हणून वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांनी मुंबई कुळकायद्याच्या (१९४८) अंमलबजावणीवर लिहिलेला १९५७ चा अहवाल दाखविता येईल. कायद्याने कुळास संरक्षण दिले होते. तथापि गावोगावच्या दप्तरांत कुळाने आपण होऊन जमीन सोडल्याचे राजीनामे नोंदलेले आढळत, आणि कागदावर सर्व यथासांग असल्यामुळे महसूल खात्यास त्यात वावगे काही दिसत नसे. पाहणीकारांनी नोंद व प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा या स्वेच्छेविषयी गंभीर शंका उत्पन्न झाली. सरकारी आकड्यास शेताच्या बांधावर नेऊन पारखण्याची ही रीत प्रस्तुत लेखकाच्या मते संस्थेची सर्वांत मोठी देणगी आहे. पुणे–सोलापूर मार्गावरील, फिरंगाई देवीच्या देवस्थानासाठी ख्यात असलेल्या दौंड तालुक्यातील कुरकुंभसारख्या गावी, जिथे जिरायत रानाशेजारी रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी आहे, जमीन कोणाची गेली, मजुरी कोणास मिळाली व विहिरींच्या पाण्याचे काय झाले हे जाणण्यास आजही याच रीतीचा अवलंब करावा लागेल.

दांडेकर १९६६ ते १९८० या काळात संचालक होते. त्यांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय दारिद्र्यावरील ग्रंथात दररोज दरडोई २,२५० उष्मांक हे मान धरून, १९६०-६१ च्या किमतींनुसार, ग्रामीण भागात १८० रुपये व शहरात २७० रुपये वार्षिक दरडोई खर्च ही किमान मर्यादा ठरविली. पुढील अनेक वर्षांचा दारिद्र्यरेषेचा वाद याच आकड्यांभोवती फिरला.

संस्थेची मालकी व विश्वस्तपण भारत सेवक समाजाकडे असून १९९३ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. त्याआधी तिचे विद्यार्थी विद्यापीठाच्या पदव्या घेत. आता पदवीपासून विद्यावाचस्पतीपर्यंतचे अध्यापन ती स्वतः करते. कृषी-अर्थशास्त्र व लोकसंख्या या विषयांची केंद्रे केंद्रीय मंत्रालयांच्या अर्थसाहाय्यावर चालतात. ‘अर्थविज्ञान’ हे तिचे त्रैमासिक १९५९ पासून निघते. काळे स्मारक व्याख्यानमालेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २९ जानेवारी १९३९ रोजी संघराज्य व स्वातंत्र्य या विषयावर केलेले भाषण अभ्यासकांस सुपरिचित आहे. समाजाच्या जुन्या ग्रंथसंग्रहातून वाढलेले आणि आज धनंजयराव गाडगीळ यांचे नाव धारण करणारे ग्रंथालय संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांचे अधिकृत संग्रहस्थान असून, जुन्या इलाख्यांचे महसुली व जनगणना-अहवाल पाहू इच्छिणाऱ्या संशोधकास पुण्यात प्रथम याच ग्रंथालयाकडे वळावे लागते.