सायकलपटूंचा बलव्यायाम

लांब पल्ल्याच्या सायकलपटूने पायांची ताकद वाढवण्यासाठी सायकलीवरून उतरून करायचा व्यायाम. कोल्हापूरला तो परका नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयाने इथे तालमी फोफावल्या आणि जोर-बैठका पेठापेठांत रुजल्या. मात्र तालमीतली बैठक जशीच्या तशी उचलून सायकलपटूचे भागत नाही. शेकडो बैठकांनी दमसास वाढतो, आणि तो त्याला सायकलीवर मिळतच असतो. कमी पडतो तो एकेका पेडलमागचा जोर. त्यासाठी खांद्यावर जड बार घेऊन चार ते दहा बैठका, मग दोन-तीन मिनिटे विश्रांती, असे तीन सेट पुरतात. जोडीला एकपायी बैठक आणि डेडलिफ्ट.

नॉर्वेतील बेंट रोनेस्टाड व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कसलेल्या सायकलपटूंनी बारा आठवडे असा व्यायाम केला. १८५ मिनिटे सायकल हाणल्यावर पाच मिनिटे जीव तोडून मारताना त्यांची कामगिरी सुधारलेली दिसली. नुसती सायकल चालवणाऱ्यांची सुधारली नाही. दिवसभर पेडल मारून शेवटी पन्हाळ्याचा चढ पुढ्यात आलेल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अंग बोजड होईल ही भीती बहुधा अनाठायी. सायकलीच्या भरपूर सरावासोबत स्नायू फारसे फुगत नाहीत. वेळापत्रक पाऊसच आखून देतो. गगनबावड्याचा घाट धुक्यात बुडालेला असताना आठवड्यातून दोनदा वजने, थंडीत लांबच्या फेऱ्या सुरू झाल्या की एकदा. पुरती सोडली, तर कमावलेली ताकद दोनेक महिन्यांत ओसरू लागते.