पोलीस मोटारगाडी

पोलीस मोटारगाडी : गस्त घालणे, गुन्हेगाराचा पाठलाग करणे, आरोपींची ने-आण करणे व संकटग्रस्तांपर्यंत त्वरित पोहोचणे या कामांसाठी पोलीसदलाने वापरावयाची मोटारगाडी. बाह्यतः ती सर्वसामान्य ग्राहकाच्या सेडान मोटारीसारखी दिसत असली, तरी दोहोंच्या वापरात मोठा फरक असतो. खाजगी मोटार दिवसातून थोडाच वेळ चालते. याउलट गस्तीची गाडी पाळीपाळीने अहोरात्र वापरली जाते. तिचे एंजिन उभ्या स्थितीतही तासन्‌तास चालू राहते आणि प्रसंगी तिला क्षणात पूर्ण वेग घ्यावा लागतो.

अमेरिकेतील ॲक्रन (ओहायओ) येथे 1899 मध्ये विजेवर चालणारी पोलीस गाडी वापरात आली. तिचा वेग ताशी सु. 25 किमी. होता. 1932 मध्ये फोर्ड कंपनीने स्वस्त आठ-सिलिंडर मोटार बाजारात आणली. तिच्या वेगाचा लाभ दरोडेखोरांनी घेतला, तसाच पोलिसांनीही. 1950 मध्ये याच कंपनीने पोलीसदलांसाठी निराळी साधनसंहती देऊ केली व पुढे इतर उत्पादकांनी तिचे अनुकरण केले. या परंपरेतील क्राउन व्हिक्टोरिया या सेडानचे उत्पादन 2011 मध्ये थांबले.

अशा गाडीतील बदल मुख्यतः आतील असतात. स्प्रिंगा व धक्काशोषक अधिक भक्कम, ब्रेक मोठे आणि एंजिन थंड ठेवणारी यंत्रणा अधिक क्षमतेची असते. बिनतारी संच, दिवे व भोंगा यांना सतत वीज लागत असल्याने जनित्र मोठे बसवितात. वेगमापक तपासून प्रमाणित केलेला असतो, कारण त्यावरील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मांडावी लागते. मागील आसन सहज धुता येईल अशा आवरणाचे असते व मागील दारे आतून उघडत नाहीत.

भारतात मात्र अशी कारखान्यातच घडविलेली पोलीस सेडान दीर्घकाळ रूढ झाली नाही. अधिकाऱ्यांसाठी हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर (1958–2014) वापरीत. गस्तीसाठी महिंद्रा कंपनीची जीप व 1985 पासून मारुती जिप्सी या गाड्या आल्या. नागरी बनावटीचीच गाडी घेऊन तिच्यावर दिवा, भोंगा व बिनतारी संच चढवावयाचा, अशी पद्धत होती. त्यामुळे वेगळेपण बहुधा रंग व उपकरणे यांपुरतेच राहिले.

या पद्धतीची मर्यादा 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईत प्रकर्षाने दिसून आली. कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी ज्या टोयोटा क्वालिस गाडीतून जात होते, तिला गोळ्यांपासून कोणतेही संरक्षण नव्हते. तिघेही मारले गेले आणि अतिरेकी तीच गाडी घेऊन निघाले. हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांकडे मार्क्समन ही चिलखती गाडी आली. पोलादी पत्रे व जाड काचा यांमुळे वजन फार वाढते. म्हणून स्प्रिंगा, ब्रेक व एंजिनही त्या प्रमाणात बदलावे लागतात. सर्वसाधारण मोटारीवर चिलखत केवळ चढवून भागत नाही.

त्या रात्री कामा रुग्णालयात जखमी झालेले सदानंद दाते हे पुढे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे पहिले आयुक्त झाले. 1 ऑक्टोबर 2020 रोजी स्थापन झालेल्या या आयुक्तालयापूर्वी मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे, तर वसई-विरार पालघर जिल्हा पोलिसांकडे होते. दोन्ही शहरांमध्ये वसईची खाडी आहे. लोहमार्ग ती थेट ओलांडतो. मात्र स्थापनेच्या वेळी मोटारींना घोडबंदरजवळच्या महामार्गावरील पुलाचा वळसा घ्यावा लागे. अशा प्रदेशात गाडीच्या वेगाइतकेच तिचे नेमके ठिकाण नियंत्रण कक्षाला कळणे महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात 2021 मध्ये सुरू झालेल्या 112 या आपत्कालीन सेवेत गस्तीच्या गाड्यांना स्थाननिदर्शक व माहितीपडदा जोडण्यात आला.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 अन्वये अनेकस्वरी भोंगा रुग्णवाहिका, अग्निशामक व पोलीस वाहने अशा मोजक्याच वाहनांना अनुज्ञेय आहे. 1 मे 2017 पासून मंत्री व अधिकारी यांच्या गाड्यांवरील लाल दिवे बंद झाले आणि लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा आपत्कालीन कर्तव्यावरील वाहनांपुरता राखून ठेवण्यात आला. परिणामी पूर्वी प्रतिष्ठेचे चिन्ह बनलेला दिवा पुन्हा कामाची खूण ठरला.