पाळी गेल्यानंतरची बाई

आपल्या चळवळीच्या इतिहासात दलित स्त्री येते ती सभेला जमलेली, सत्याग्रहात उभी राहिलेली किंवा कडेवर मूल घेतलेली. पाळी गेल्यानंतरची बाई या इतिहासात कोठे आहे? कामठीसारख्या विडीकामगारांच्या गावात हा प्रश्न विचारला की तो खाजगी राहत नाही. तो श्रमाचा प्रश्न होतो.

1821 साली इंग्रजांनी कन्हानकाठी कामठीची छावणी वसवली. पुढे येथे विडीधंदा वाढला. बाबू हरदास लक्ष्मण नगराळे (1904-1939) यांनी येथल्या विडीमजुरांना संघटित केले, स्त्रियांसाठी महिलाश्रम काढला. 1937 साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले. विडीमजुराचे शरीर हा राजकारणाचा विषय आहे, हे या गावाने तेव्हाच ओळखले होते.

विडीची मजुरी हजारावर मिळते. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, सारे बोटांवर. भारतात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. त्याच्या आगेमागे काही वर्षे बीजकोशातले इस्ट्रोजेन घटत जाते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने लुगडे भिजते, झोप मोडते, छातीत धडधडते, सांधे आखडतात, लघवीला जळजळ होते, विसर पडतो. सकाळी बोटे वळत नाहीत. हजाराचा हिशेब सातशेवर येतो. बाई म्हणते, हाडे दुखतात. ठेकेदार म्हणतो, म्हातारी झाली. घरचे म्हणतात, चिडखोर झाली. दवाखान्यात दुखण्याची गोळी मिळते. या साऱ्या तक्रारींचे मूळ एक असू शकते, हे तिला कोणी सांगत नाही.

सवर्ण घरात पाळी गेलेली बाई विटाळातून सुटली, असे मानले गेले. तिला देवघर मोकळे झाले. आमच्या आयांचा पाळीचा विटाळ संपला, जातीचा संपला नाही आणि कामही संपले नाही. ज्या घरांतून आम्ही पहिले पदवीधर निघालो, त्या घरांत आमच्या फिया याच वयाच्या आयांनी भरल्या.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात प्रसूतिरजेच्या विधेयकाचे समर्थन केले. 1938 साली त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्या काळी हे धाडस होते. परंतु पुढे कायद्याने आणि शासनाने स्त्रीचे शरीर ओळखले ते बहुतांशी गर्भाशयापुरतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेही मुलाखतीसाठी स्त्री धरली ती 15 ते 49 वयाची. पन्नाशी ओलांडली की ती प्रश्नावलीबाहेर गेली.

या दृष्टीने 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली दलित महिला परिषद पुन्हा वाचली पाहिजे. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतील कामकरी स्त्रियांना पगारी रजा, इजेची भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळावे, अशी मागणी तेथे झाली. विसाव्या वर्षी कामाला लागलेली बाई वीस वर्षांनी चाळिशीत येते. रजोनिवृत्ती हा शब्द त्या ठरावात नाही. परंतु थकत जाणाऱ्या शरीराचा हक्क त्यात आहे. आई म्हणून नव्हे, कामगार म्हणून.

तो धागा तुटला की काय होते, ते बीडने दाखवले. 2019 साली शासनाच्या समितीने 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर वर्षावर्षांनी येणारी रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर कोसळते. पाळी आली की खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात, या भीतीने तरुण बायांनी हा मार्ग पत्करला.

म्हणून आपल्या युनियनांनी, महिला मंडळांनी आणि विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या चाळीस ते साठ वयाच्या बायांना विचारले पाहिजे: झोप किती लागते, बोटे केव्हा आखडतात, मजुरी किती बुडते? ही उत्तरे लिहून काढणे हे इतिहासलेखनच आहे. आणि 1942 ची ती मागणी पुन्हा मांडण्यासाठी लागणारा पुरावाही त्यातूनच उभा राहील.