विमानावरील तरुणी

१९४३ सालच्या मे महिन्यांत 'मेंफिस बेल' या अमेरिकन बाँबफेकी विमानानें युरोपवरील आपल्या २५ मोहिमा पुऱ्या केल्या. विमानाच्या अग्रभागीं दोन्ही अंगांस एकच तरुणी रंगविलेली होती; एकीकडे तिचा पोहण्याचा पोशाख निळा, दुसरीकडे तांबडा. 'मेंफिसची सुंदरी' हें नांव वैमानिक रॉबर्ट मॉर्गन यानें आपल्या वाग्दत्त वधूवरून, मेंफिस शहरच्या मार्गारेट पोक हिच्यावरून, ठेविलें होतें. रूप मात्र तिचें नव्हतें. जॉर्ज पेटी या चित्रकाराचें 'एस्क्वायर' मासिकाच्या एप्रिल १९४१ च्या अंकांतील चित्र टोनी स्टार्सर या सैनिकानें तेथें उतरविलें होतें.

भिंतीवर टाचणीनें लावावयाचीं म्हणून अशा चित्रांस 'पिन-अप' हें नांव पडलें. उत्तान अंगप्रदर्शनापलीकडे त्यांत कांहीं नाहीं, असें पुष्कळांचें मत असतें. आणि तें सर्वस्वी खोटें नव्हे. परंतु पेटीच्या चित्रांत देहाइतकीच बोलकी अशी एक साधी वस्तु आहे. त्याच्या कित्येक तरुणींच्या हातीं टेलिफोन असतो. ती कोणाशीं तरी हंसून बोलत असते, आणि तो 'कोणी' चित्रांत कोठेंच नसतो. ती रिकामी जागा पाहणारानें भरावयाची! संस्कृत साहित्यशास्त्रांतील प्रोषितभर्तृका विरहानें सुकलेली असते. ही विरहिणी मात्र सदा प्रसन्न. घरापासून हजारों मैल दूर असलेल्या शिपायाला हवें होतें तें हेंच आश्वासन, कीं तिकडे कांहीं बदललेलें नाहीं.

वस्तुतः तिकडे सारेंच बदलत होतें. त्याच सुमारास लाखों अमेरिकन स्त्रिया युद्धसाहित्याच्या कारखान्यांत राबत होत्या. विमानांचे पत्रे जोडण्याचें कामही त्या करीत. चित्रांतील तरुणीच्या हातांस तेलाचा डाग कधींच लागला नाहीं. पेटीपुढें चित्रासाठीं पुष्कळदां बसे ती त्याची स्वतःची मुलगी मार्जोरी, हें किती शिपायांस ठाऊक असेल?

सरकारची वृत्तिही मोठी मौजेची. पेटीमागून 'एस्क्वायर'मध्यें आलेल्या अल्बर्टो व्हार्गास याच्या चित्रांवर आक्षेप घेऊन टपालखात्यानें १९४३ अखेर मासिकाची स्वस्त टपालाची सवलत काढून घेतली. लष्करी विमानांवर मात्र त्याच जातीचीं चित्रें मिरवत होतीं. १९४६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मासिकाच्या बाजूनें निकाल दिला.

मॉर्गन आणि मार्गारेट यांचा वाङ्निश्चय १९४३ मध्येंच मोडला. विमानावरील नांव कोणी पुसलें नाहीं. २०१८ पासून तें विमान ओहायो राज्यांतील डेटनजवळच्या हवाईदलाच्या संग्रहालयांत मांडलेलें असून, निळ्या आणि तांबड्या पोशाखांतील ती तरुणी त्यावर अद्याप आहे.