चाकाची नाडी

एबीएस असलेली बाईक उभी असेल तर तिच्या पुढच्या चाकाकडे नीट बघा. ब्रेकच्या डिस्कच्या आत आणखी एक छोटी पोलादी चकती दिसेल, सारख्या अंतरावर खाचा पाडलेली. तिच्यासमोर, जेमतेम एक मिलिमीटर जागा सोडून, बोटाच्या पेराएवढं काळं प्लॅस्टिकचं बोंड बसवलेलं असतं. त्यातून एक वायर वर जाते. हा व्हील स्पीड सेन्सर. भारतात १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, आणि हे बोंड गल्लोगल्ली पोचलं.

जाहिराती एबीएसच्या ‘मेंदू’चं कौतुक करतात. मला मात्र वाटतं, या ब्रेकचा इतिहास हा मुळात या बोंडाचा इतिहास आहे. ब्रेक दाबणं-सोडणं यंत्राला फारसं अवघड नव्हतं. चाक आत्ता, या क्षणी अडकतंय हे वेळेत कळणं अवघड होतं. अडकलेलं चाक फिरत नाही, नुसतं घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाचं हँडल कितीही वळवलं तरी गाडी वळत नाही. माणसाला हे कळेपर्यंत तो आडवा झालेला असतो.

ही अडचण आधी विमानांना जाणवली. वैमानिक चाकांपासून इतका लांब बसतो की चाक अडकलं हे त्याला टायर फुटल्यावरच कळायचं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या डनलॉपने यावर ‘मॅक्सारेट’ नावाचं यंत्र काढलं. त्यात वीज नव्हती. चाकासोबत फिरणारा एक छोटा ड्रम आणि त्याच्या आत एक जड फ्लायव्हील. चाक एकदम मंदावलं की ड्रम मंदावायचा, पण फ्लायव्हील आपल्या वेगाच्या नादात पुढे जायचं. या दोघांतल्या फरकाने एक व्हॉल्व्ह उघडायचा आणि ब्रेक सैल व्हायचा. बस अचानक थांबल्यावर उभे असलेले आपण पुढे फेकले जातो, तेच इथे कामाला लावलं होतं.

१९५८मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हेच मॅक्सारेट एका मोटरसायकलवर बसवून पाहिलं. मोटरसायकल कोणती? रॉयल एनफिल्ड सुपर मिटिऑर! निकाल चांगले आले, ओल्या रस्त्यावर गाडी कमी अंतरात थांबली. पण कंपनीला यात भविष्य दिसलं नाही आणि प्रयोग बासनात गेला. तिथपासून आपल्याकडची सक्ती ६१ वर्षं लांब होती. त्या वर्षांत ओल्या रस्त्यांवर किती जण पडले असतील, हा विचार मला सोडत नाही.

पुढे १९६६मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश कारमध्ये मॅक्सारेट आलं. चारही चाकांसाठी एकच यंत्र, तेही गिअरबॉक्सकडून फिरणारं. म्हणजे चार रुग्णांची नाडी एकाच मनगटावर तपासायची. अशा गाड्या जेमतेम तीनशेच्या वर बनल्या.

कोंडी फुटली ती जर्मनीत. मर्सिडीजचे इंजिनिअर हायडेलबर्गच्या टेल्डिक्स कंपनीबरोबर काम करत होते. यांत्रिक पद्धतीने वेग मोजणं प्रत्येक चाकाला पुरेसं जलद जमत नव्हतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्पर्शच काढून टाकला. लोहचुंबक, त्यावर तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि समोर दातेरी रिंग. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवलेली ही गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात शिकतो. नाडी सापडली, पण ती वाचणारं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा भरवशाचं नव्हतं. १९७०मध्ये प्रात्यक्षिक झालं. एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस यायला १९७८ उजाडलं. दरम्यान अमेरिकेत क्रायस्लरने १९७१च्या इम्पीरियलमध्ये चार सेन्सरवालं एबीएस देऊन पाहिलं होतं.

आता थोडं गणित. रिंगला ४८ दात आणि टायरचा घेर १.९ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला सव्वाचारशेच्या आसपास ठोके. कॉम्प्युटर ते चारही चाकांचे मोजतो आणि एखाद्याचे ठोके इतरांपेक्षा झपकन घसरले की त्या चाकाचा ब्रेक सैल करतो. या जुन्या सेन्सरला ‘पॅसिव्ह’ म्हणतात. त्याचा दोष सायकलच्या डायनॅमोसारखाच आहे: गाडी हळू झाली की दिवा मंद. अगदी कमी वेगात ठोके ऐकूच येत नाहीत.

म्हणून पुढची पिढी आली, ‘ॲक्टिव्ह’. हिला बाहेरून वीज लागते. काहींत एडविन हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने १८७९मध्ये शोधलेला परिणाम वापरतात. हा सेन्सर साधारण ७ आणि १४ मिलिॲम्पिअर अशा दोनच पायऱ्यांत बोलतो, वेग कितीही असो. चाक रांगत असलं तरी त्याला कळतं. आणि बऱ्याच कारमध्ये दातेरी रिंगच गेली. बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्ये उत्तर-दक्षिण ध्रुवांची माळ लपवलेली असते. दिसायला साधं रबर.

स्पेअर पार्टच्या दुकानात हा सगळा इतिहास एका काउंटरवर येतो. दोन सेन्सर दिसायला जुळे, दोघांनाही दोनच वायरी, पण एक पॅसिव्ह आणि दुसरा ॲक्टिव्ह. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पॅसिव्हचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो, बहुधा हजार-दोन हजार ओहमच्या आसपास. ॲक्टिव्हवर तो आकडा निरर्थक, त्याला स्कॅनरच लावायचा. ‘याच मॉडेलचा द्या’ एवढं सांगून भागत नाही, चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. पुढचा-मागचा, डावा-उजवा वेगळा असू शकतो. ४८ दातांच्या जागी ४४ दातांची रिंग बसली, तर ते चाक कॉम्प्युटरला सतत आठ टक्के मागे पडलेलं दिसणार. मग एक तर दिवा पेटेल, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ब्रेक सैल होईल.

आणि सेन्सर घेण्याआधी रिंग बघा. कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज सेन्सरच्या बुडाशी फुगतो आणि त्याला वर उचलतो. अंतर वाढलं की पॅसिव्ह सेन्सरचे ठोके लवकर विरतात आणि सिग्नलला थांबताना शेवटच्या दोन मीटरमध्ये पेडल उगाच थरथरतं. कधीकधी ब्रश आणि पॉलिश पेपरने काम भागतं.

माझ्या मामेभावाच्या कारला पुढचं बेअरिंग बदलल्यावर एबीएसचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला. दिवा तसाच. दुसरा बदलला, तरी तसाच. शेवटी तो म्हणाला, “दादा, बल्ब काढून टाकू का? ब्रेक तर लागतायत ना!” ब्रेक लागतातच. फक्त गाडी मॅक्सारेटच्या आधीच्या काळात जाते, आणि भावाला दर शनिवारी पावसात आंबा घाट उतरायचा होता. दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी सेन्सरच्या भोकातून टाचणी आत धरली. ती चिकटली नाही. बेअरिंग उलटं बसलं होतं, चुंबकाची बाजू सेन्सरकडे पाठ करून. प्रेसने उपसलेलं बेअरिंग पुन्हा वापरत नाहीत, म्हणून नवं आणावं लागलं. दिवा विझला. दोन्ही नवे सेन्सर दुकानदाराने परत घेतले नाहीत. एक गाडीतच राहिला, दुसरा डिकीत पडून आहे.